जॉर्जियाचे तीन गव्हर्नर

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया या दक्षिणेकडील संस्थानाच्या गव्हर्नरपदावर १९४७ सालच्या जानेवारींत एकाच आठवड्यांत तिघांनीं दावा सांगितला. पहिला मुदत संपलेला, पण जागा सोडावयास तयार नसलेला. दुसरा कायदेमंडळानें मध्यरात्र उलटल्यावर निवडलेला. आणि तिसरा, गव्हर्नर मेला तर त्याच्या जागीं बसावें एवढ्यासाठींच लोकांनीं निवडून दिलेला. तिघांपाशींहि वकील होते, तिघांपाशींहि घटनेंतील एकेक कलम होतें, आणि ज्याच्यावांचून एकहि महत्त्वाचा सरकारी कागद पुरा व्हावयाचा नाहीं तो संस्थानचा शिक्का मात्र तिघांपैकीं एकापाशींहि नव्हता. ही हकीकत अमेरिकेंत बहुधा विनोदी आख्यान म्हणून सांगितली जाते, आणि तींत हंसण्यासारखें पुष्कळ आहे हें खरें. परंतु ज्या निवडणुकीच्या पोटीं हा तमाशा जन्मला ती निवडणूक मुळींच हंसण्यासारखी नव्हती.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे राज्यपाल म्हटला म्हणजे वरून नेमलेला अधिकारी डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंतील संस्थानाचा गव्हर्नर तसा नव्हे. तो लोकांच्या मतांनीं निवडला जातो. राज्यपालाचा मान आणि मुख्यमंत्र्याची सत्ता दोन्ही त्याच्या एकट्याच्या ठिकाणीं असतात. पण १९४६ च्या जॉर्जियांत 'लोकांच्या मतांनीं' या शब्दांना दोन मोठे अपवाद होते, आणि दोन्ही नियमांच्या भाषेंत रीतसर लिहिलेले होते.

पहिला अपवाद रंगाचा. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यावर जॉर्जियांत डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नांवापुरताच उरला. १८७२ पासून पुढें १३० वर्षें त्या पक्षाबाहेरचा गव्हर्नर तेथें झाला नाहीं. तेव्हां नोव्हेंबरांतील सार्वत्रिक निवडणूक हा केवळ उपचार. खरी निवडणूक म्हणजे उन्हाळ्यांत होणारी, पक्षाचा उमेदवार ठरविणारी प्राथमिक निवडणूक. आणि या प्राथमिक निवडणुकींत फक्त गोऱ्यांनीं मत द्यावें असा पक्षाचा नियम होता. पक्ष ही खाजगी संस्था, तिनें कोणाला आंत घ्यावें हा तिचा प्रश्न, असा त्यावरचा युक्तिवाद असे. देशाच्या घटनेनें काळ्या माणसाला मताचा हक्क दिलेला होता. ज्या एका दिवशीं त्या हक्काला किंमत येई त्या दिवशीं त्यानें घरीं बसावें, एवढीच व्यवस्था पक्षानें केली होती. संस्थानच्या वस्तींत कृष्णवर्णीयांचें प्रमाण त्या काळीं एकतृतीयांशाहून अधिक होतें.

दुसरा अपवाद शहरांचा. जॉर्जियांत १५९ कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे स्थूलमानानें आपला तालुका समजावा. १९१७ च्या एका कायद्यानें असें ठरलें होतें कीं, प्राथमिक निवडणुकीचा निकाल मतदारांच्या एकूण मतांवर लावावयाचा नाहीं, तर कौंट्यांना वांटून दिलेल्या 'एककां'वर लावावयाचा. सर्वांत मोठ्या वस्तीच्या ८ कौंट्यांना प्रत्येकीं ६ एककें, त्यांच्या खालच्या ३० कौंट्यांना प्रत्येकीं ४, आणि राहिलेल्या १२१ कौंट्यांना प्रत्येकीं २, मिळून ४१०. ज्या उमेदवाराला कौंटींत सर्वांत जास्त मतें पडतील त्याला तिचीं सगळीं एककें. आतां गणित करून पाहावें. लहानशा तीन कौंट्या एकत्र आल्या कीं त्या अटलांटासारख्या राजधानीच्या कौंटीच्या तोडीस तोड होत, मग अटलांटांत लाखों लोक कां राहत असेनात. १२१ लहान कौंट्यांचीं एककें होत २४२, म्हणजे निम्म्याहून अधिक. कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहांतील २०५ जागाहि याच प्रमाणांत वांटलेल्या होत्या. ही शेवटची गोष्ट वाचकानें ध्यानांत ठेवावी. पुढें ती कामीं येणार आहे.

या व्यवस्थेचा पुरा उपयोग ज्यानें केला तो पुरुष यूजीन टॅल्मॅज. १८८४ सालीं जन्मलेला, विद्यापीठांत शिकलेला वकील, पण लोकांपुढें येई तो तांबडे गॅलिस लावलेला शेतकरी म्हणून. संस्थानच्या शेतकीखात्याच्या प्रमुखपदावर निवडून येऊन त्यानें आरंभ केला व १९३३ सालीं तो गव्हर्नर झाला. मोटारीच्या परवान्याची फी सरसकट तीन डॉलर करून टाकल्यानें गरीब शेतकऱ्याला तो आपला वाटे. ज्या गांवांत ट्रॅमगाडी धावते तेथील मतांवांचून आपलें कांहीं अडत नाहीं, अशी त्याची प्रौढी प्रसिद्ध होती; आणि ती पोकळ नव्हती, कारण कायद्यानेंच त्याला तशी सोय करून दिली होती. शेतकऱ्याच्या दुःखाची त्याला जाण नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या दुःखाचें कारण विचारलें कीं त्याचें बोट सावकाराकडे किंवा गिरणीवाल्याकडे न वळतां शेजारच्या काळ्या मजुराकडे वळे, आणि हें बोट त्यानें जन्मभर खालीं घेतलें नाहीं.

१९४१ सालीं त्यानें जॉर्जिया विद्यापीठावर हात टाकला. तेथील शिक्षणशास्त्र विभागाचा प्रमुख गोऱ्या व काळ्या शिक्षकांच्या एकत्र शिक्षणाचा पुरस्कार करतो असा आरोप ठेवून त्याला काढण्याचा हट्ट टॅल्मॅजनें धरला. नियामक मंडळानें ऐकलें नाहीं, तेव्हां मंडळांतील माणसें बदललीं आणि मनासारखें मत पाडून घेतलें. परिणाम असा झाला कीं दक्षिणेकडील महाविद्यालयांच्या मान्यता-संस्थेनें जॉर्जियांतील गोऱ्यांच्या सरकारी महाविद्यालयांची मान्यताच काढून घेतली. काळ्यांवरचा अन्याय ज्या मध्यमवर्गाला वर्षानुवर्षें टोंचला नव्हता त्याला मुलांच्या पदव्यांची किंमत उतरलेली चटकन टोंचली. १९४२ च्या निवडणुकींत टॅल्मॅज पडला व एलिस आर्नॉल हा पस्तिशींतला तरुण वकील गव्हर्नर झाला.

आर्नॉलची चार वर्षें हा जॉर्जियाच्या इतिहासांतील एक उजळ तुकडा आहे. विद्यापीठाला गव्हर्नरच्या लहरीपासून मुक्त करून त्यानें गेलेली मान्यता परत मिळविली. १९४३ सालीं मतदाराचें वय २१ वरून १८ वर आणलें; अमेरिकेंत हें करणारें जॉर्जिया पहिलें संस्थान. सबंध देशाला त्यासाठीं १९७१ पर्यंत आणि आपल्याला १९८९ पर्यंत वाट पाहावी लागली. मत देण्यासाठीं भरावा लागणारा डोईकर १९४५ सालीं गेला, तुरुंगांतील कैद्यांचे हाल कमी झाले, आणि त्याच सालीं नवी संस्थानी घटना आली. या घटनेनें लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे दुय्यम गव्हर्नर, असें एक नवें पद निर्माण केलें. सगळ्या रामायणाचें बीज येथें आहे.

इतकें असूनहि कृष्णवर्णीयांचा कैवारी म्हणून पुढें येण्याची आर्नॉलची तयारी नव्हती. जें झालें तें न्यायालयाच्या दारानें झालें. टेक्सस संस्थानांतील एका खटल्यांत १९४४ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें फक्त गोऱ्यांच्या प्राथमिक निवडणुका घटनाबाह्य ठरविल्या. जॉर्जियांत कोलंबस शहरीं प्रायमस किंग या कृष्णवर्णी गृहस्थानें मत द्यावयास जाऊन, तें नाकारलें गेल्यावर फिर्याद केली आणि ती जिंकली. १९४६ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें पक्षाचें अपील ऐकण्याचें नाकारलें. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनानें या निर्णयांतून निसटण्यासाठीं प्राथमिक निवडणुकांसंबंधींचे सगळे कायदेच रद्द करून टाकले होते, म्हणजे पक्ष पुन्हां 'खाजगी' झाला. जॉर्जियांत तसेंच करावें म्हणून आर्नॉलवर फार दडपण आलें. त्यानें कायदेमंडळाची खास बैठक बोलाविण्याचें नाकारलें. त्याच्या कारकीर्दींतील सर्वांत धीराचें कृत्य कोणतें असें विचारल्यास मी हें न केलेलें कृत्य सांगेन.

त्या वसंत ऋतूंत एक लाखाहून अधिक कृष्णवर्णी मतदारांनीं नांवें नोंदविलीं. महायुद्धांत लढून परतलेले सैनिक त्यांत पुष्कळ होते. याच १९४६ च्या जुलैंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अमेरिकन विद्वान् डुबॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रति मागविल्या होत्या. अस्पृश्यांची स्थिति आणि त्यांची स्थिति यांत फार साम्य आहे असें बाबासाहेबांना वाटत होतें. डुबॉइस यांच्या आयुष्यांतील वीसएक वर्षें अटलांटांतील विद्यापीठांत गेलीं होतीं. जॉर्जिया म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें.

आर्नॉलला लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहण्यास घटनेची मनाई होती, व ती काढून टाकण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता. त्यानें पाठिंबा दिला तो जेम्स कार्मायकल याला. युद्धकाळांत मॅरिएटा येथील प्रचंड विमानकारखाना चालविणारा हा कर्तबगार माणूस होता. तिसरा उमेदवार ई. डी. रिव्हर्स, माजी गव्हर्नर व विचारानें सुधारक. त्याच्या उभें राहण्यानें टॅल्मॅजविरुद्धचीं मतें फुटलीं. टॅल्मॅजनें तर प्रचारांत दुसरा विषयच ठेवला नाहीं. गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक परत आणीन, हें त्याचें एकच वचन. त्याच्या अनुयायांनीं अनेक कौंट्यांत कृष्णवर्णी मतदारांच्या नोंदणीवर घाऊक हरकती घेतल्या आणि हजारों नांवें यादींतून उडविलीं.

१७ जुलै १९४६ रोजीं मतदान झालें. कार्मायकलला सुमारे ३ लक्ष १३ हजार मतें पडलीं, टॅल्मॅजला सुमारे २ लक्ष ९७ हजार, रिव्हर्सला ७० हजारांच्या आंत. म्हणजे कार्मायकल सोळा हजारांनीं पुढें. आणि एककें? टॅल्मॅज २४२, कार्मायकल १४६, रिव्हर्स २२. टॅल्मॅज विजयी झाला. १२१ लहान कौंट्यांच्या एकूण एककांचा आंकडाहि २४२ च होता. सर्वच लहान कौंट्या त्याला मिळाल्या असें नव्हे; पण या योगायोगांत त्या कायद्याचें मर्म अगदीं उघडें झालेलें दिसतें.

निवडणुकीच्या आसपासचे दिवस रक्ताचे होते. टेलर कौंटींत मत देण्याचें धाडस केलेल्या एका कृष्णवर्णी माजी सैनिकाला दुसऱ्याच दिवशीं गोळ्या घातल्या गेल्या व तो मेला. २५ जुलै रोजीं अटलांटाच्या पूर्वेस वॉल्टन कौंटीजवळ, अपॅलाची नदीवरील मूर्स फोर्डच्या पुलापाशीं, गोऱ्यांच्या जमावानें दोन कृष्णवर्णी जोडप्यांना मोटारींतून ओढून काढून बंदुकींनीं मारलें. त्यांतला एक पुरुष युद्धावरून परतलेला होता. केंद्र सरकारच्या पोलिसांनीं महिनोन् महिने तपास केला; एकाहि माणसाला शिक्षा झाली नाहीं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत नागरिकांच्या हक्कांविषयीं जी समिति नेमली तिच्या मागें अशा घटनांचा धक्का होता.

आतां तमाशाकडे वळावयास हरकत नाहीं. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकींत टॅल्मॅजला छापील विरोधक नव्हता. परंतु त्याची प्रकृति ढांसळत चालली आहे हें त्याच्या जवळच्या मंडळींना ठाऊक होतें. गव्हर्नर होण्यापूर्वींच तो मेला तर काय? नवा दुय्यम गव्हर्नर म्हणून मेल्विन थॉम्प्सन निवडून येणार होता, आणि तो पडला आर्नॉलच्या गोटांतला. मंडळींनीं घटना चाळली व त्यांना एक कलम सांपडलें. कोणाहि उमेदवाराला निम्म्याहून अधिक मतें मिळालीं नाहींत, तर सर्वाधिक मतांच्या, हयात असलेल्या दोघांतून कायदेमंडळानें एकाची निवड करावी, असें तें कलम. अमेरिकेंत मतदाराला छापील नांवांपलीकडे आपल्या हातानें दुसरें नांव लिहून मत देतां येतें. तेव्हां यूजीनचा मुलगा हर्मन, वय वर्षें ३३, आरमारांतून नुकताच परतलेला आणि बापाच्या प्रचाराचा सूत्रधार, याचें नांव कांहीं शें विश्वासू मतदारांनीं गुपचूप लिहावें असा संकेत फिरला. ही हुशारी इतरांनाहि सुचली होती. कार्मायकलचें नांवहि कांहींनीं लिहिलें. आणखी एक टॅल्मॅज बोवर्स नांवाचा रिपब्लिकन पक्षाचा गृहस्थ होता, त्यालाहि मतें पडलीं. त्याचा धंदा थडग्याचे दगड विकण्याचा होता. कादंबरीकारानें हें लिहिलें असतें तर अतिशयोक्ति म्हणून आपण खोडून टाकलें असतें.

२१ डिसेंबर १९४६ रोजीं यूजीन टॅल्मॅज मरण पावला. शपथविधीस तीन आठवडे उरले होते.

मग तीन पक्ष पडले. आर्नॉल म्हणाला, नवा गव्हर्नर निवडला जाऊन पात्र होईपर्यंत जुन्यानें राहावें असें घटना सांगते. थॉम्प्सननें शपथ घेतली कीं मी त्याच्या हवालीं करीन. थॉम्प्सन म्हणाला, लोकांनीं मला नेमक्या याच प्रसंगासाठीं निवडलें आहे. टॅल्मॅजपक्ष म्हणाला, मेलेल्याचीं मतें मेलीं. उरलेल्यांत कोणालाहि बहुमत नाहीं. सबब निवड कायदेमंडळानें करावी. कायदेमंडळांत लहान कौंट्यांचें प्राबल्य किती, तें वर आलेंच आहे.

१४ जानेवारीला दोन्ही सभागृहें एकत्र बसलीं. राजधानींतील सभागृहाच्या इमारतींत हजारों टॅल्मॅजभक्त दाटले होते. हातानें लिहिलेल्या मतांची मोजणी झाली: कार्मायकल ६६९, बोवर्स ६३७, हर्मन टॅल्मॅज ६१७. म्हणजे हर्मन तिसरा, आणि निवड तर पहिल्या दोघांतूनच व्हावयाची. मोठीच पंचाईत झाली. परंतु थोड्याच वेळांत टॅल्मॅजांच्या स्वतःच्या टेल्फेअर कौंटींतून, नजरचुकीनें राहून गेलेलीं म्हणून, ५८ मतें सांपडलीं. सगळीं हर्मनचीं. ६१७ चे ६७५ झाले. पहाटे दोनच्या सुमारास १६१ विरुद्ध ८७ मतांनीं कायदेमंडळानें हर्मनला गव्हर्नर निवडलें.

तेथून जमाव गव्हर्नरच्या कचेरीकडे निघाला. आर्नॉल आंत बसून होता. हर्मनला त्यानें तोतया म्हटलें व जागा सोडण्याचें नाकारलें. दारें फोडलीं गेलीं, धक्काबुक्की झाली. एक दिवस दोघांनींहि एकाच इमारतींतून कारभार केला. नंतर रातोरात कचेरीचीं कुलपें बदललीं गेलीं आणि गव्हर्नरचा वाडाहि हर्मनच्या ताब्यांत गेला. सकाळीं आर्नॉल आला तों दार बंद. मधल्या घुमटाखालीं येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देण्यासाठीं एक टेबल होतें, तेथेंच त्यानें आपली कचेरी थाटली. कोणीतरी फटाका उडविला, पुढें तें टेबलहि बळकावलें गेलें, तेव्हां तो शहरांतील दुसऱ्या इमारतींत गेला. हर्मन त्या दिवसांत कमरेला पिस्तुल लावून हिंडत असे. १८ जानेवारीला थॉम्प्सननें दुय्यम गव्हर्नरची शपथ घेतली. त्याच दिवशीं आर्नॉलनें राजीनामा देऊन आपला वाटा संपविला. त्यापुढें दोन सरकारें. सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांना कोणाचा हुकूम पाळावा तें कळेना.

आणि शिक्का? तो राज्यचिटणीस बेन फॉर्ट्सन याच्या ताब्यांत असे. एका मोटार-अपघातानें अपंग होऊन चाकांच्या खुर्चींत बसलेला हा माणूस. न्यायालय सांगेपर्यंत कोणालाहि शिक्का द्यावयाचा नाहीं असें ठरवून त्यानें तो खुर्चीच्या उशीखालीं ठेवला आणि वर आपण बसून राहिला. त्या सगळ्या गोंधळांत आपलें नेमकें कर्तव्य काय, हें कळलेला तो एकच अधिकारी होता असें मला वाटतें. बाकीचे सारे कलमें सांगत होते. यानें फक्त ठेव सांभाळली.

१९ मार्च १९४७ रोजीं जॉर्जियाच्या वरिष्ठ न्यायालयानें पांच विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला. मतदानाच्या दिवशीं यूजीन टॅल्मॅज जिवंत होता व त्याला बहुमत मिळालें होतें. तेव्हां त्याचीं मतें बाद होत नाहींत. तेव्हां बहुमत कोणालाच नव्हतें ही स्थिति उद्भवलीच नाहीं. तेव्हां निवड करण्याचा अधिकार कायदेमंडळाला आलाच नाहीं. निवडलेला मेला, दुसरा पात्र झाला नाहीं, म्हणून आर्नॉलच गव्हर्नर राहिला. आणि तो दूर होतांच थॉम्प्सन कार्यकारी गव्हर्नर झाला. हर्मननें ६३ दिवसांची सत्ता खळखळ न करतां दोन तासांत सोडली. याचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. लोकांच्या न्यायालयाकडे पुन्हां जाईन, एवढेंच तो म्हणाला, आणि तें त्यानें केलेंहि.

निकालाच्या थोडे आधीं, मार्चच्या आरंभीं, 'अटलांटा जर्नल' या वृत्तपत्राचा बातमीदार जॉर्ज गुडविन यानें टेल्फेअरच्या त्या ५८ मतांचा छडा लावला होता. मतदारांच्या यादींत शेवटचीं नांवें वर्णानुक्रमानें लागलेलीं होतीं. जणू लोक केंद्रापुढें आद्याक्षराच्या क्रमानें रांग धरून उभे होते. त्यांतील कित्येक त्या दिवशीं मतदानाला गेलेच नव्हते. कित्येक तर जगांतच नव्हते. या शोधाबद्दल गुडविनला १९४८ सालीं पुलिट्झर पारितोषिक मिळालें व तें योग्यच होतें. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. न्यायालयाचा निकाल त्या खोट्या मतांवर लागलेला नाहीं. तीं ५८ मतें खरीं असतीं तरी निकाल तोच लागला असता. उलट, जुलैंत ज्या सोळा हजारांच्या आघाडीला एककांच्या कोष्टकानें शून्य किंमत दिली तींत खोटें मत एकहि नसतें, तरी टॅल्मॅजच निवडून आला असता. टेल्फेअरची चोरी लबाडीची, म्हणून ती उघडकीस आली व तिच्यावर पारितोषिक मिळालें. जुलैची चोरी कायद्याची. तिच्यावर बातमी कोण लिहिणार?

१९४८ च्या सप्टेंबरांत हर्मन टॅल्मॅजनें थॉम्प्सनला प्राथमिक निवडणुकींत हरविलें. या वेळीं त्याला एककेंच नव्हे तर एकूण मतेंहि जास्त पडलीं, हें प्रांजळपणें नमूद केलें पाहिजे. नुसता कायदा बदलला असता तर सारें चित्र पालटलें असतें असें समजण्यास आधार नाहीं. तो १९५५ च्या जानेवारीपर्यंत गव्हर्नर राहिला. विक्रीकर बसवून त्यानें शाळांवर पुष्कळ पैसा खर्च केला, आणि त्या शाळांत गोरीं-काळीं मुलें एकत्र बसूं नयेत म्हणून हरप्रकारें झटला. पुढें १९५७ पासून २४ वर्षें तो वॉशिंग्टनच्या सीनेटांत होता. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या समितींतहि तो बसला. १९७९ सालीं पैशांच्या व्यवहारावरून सीनेटनेंच त्याची निर्भर्त्सना केली, १९८० सालीं तो पडला, आणि २००२ सालीं वारला.

एककांची पद्धति मोडली ती १९६३ च्या मार्चांत. फुल्टन कौंटीच्या, म्हणजे अटलांटाच्या, एका मतदारानें केलेला खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला. सरकारपक्षाचें म्हणणें मांडावयास खुद्द ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी उभा राहिला. त्या न्यायालयापुढें त्यानें केलेलें तें एकच भाषण. १९६० च्या खानेसुमारीप्रमाणें फुल्टनची वस्ती ५,५६,३२६ आणि एककें ६. एकोल्स कौंटीची वस्ती १,८७६ आणि एककें २. एकोल्सच्या एका रहिवाशाचें वजन फुल्टनच्या ९९ रहिवाशांइतकें. एका माणसाला एक मत, या तत्त्वाचा उच्चार करून न्यायालयानें ती पद्धति रद्द केली. वर्णानुक्रमानें मत देणारे मतदार मात्र इतक्या सहज गेले नाहींत. १९६२ च्या शरदांत जिमी कार्टर नांवाचा भुईमुगाचा एक व्यापारी जॉर्जियाच्या सीनेटसाठीं उभा राहिला, तेव्हां क्विटमन कौंटींतील एका केंद्रावर त्याला तसलीच यादी आणि तसलेच मृत मतदार आढळले. त्यानें न्यायालयांत दाद मागून ती जागा मिळविली.

कायदेमंडळानें गव्हर्नर निवडण्याचें कलम १९४७ च्या निकालानंतरहि घटनेंत तसेंच राहिलें होतें. १९६६ सालीं, साठी गांठत आलेल्या आर्नॉलनें गव्हर्नरपदासाठीं पुन्हां प्रयत्न केला. पक्षाच्या निवडणुकींत त्याला लेस्टर मॅडॉक्सनें हरविलें. काळ्या गिऱ्हाइकांना आपल्या खाणावळींत शिरूं न देण्याबद्दल हा मॅडॉक्स गाजला होता. नोव्हेंबरांत आर्नॉलच्या चाहत्यांनीं मतपत्रिकेवर स्वहस्तानें त्याचें नांव लिहिलें. अशीं ५२ हजारांहून अधिक मतें झालीं. त्यामुळें मॅडॉक्सला नाहीं आणि त्याच्याहून सुमारे तीन हजार मतांनीं पुढें असलेल्या रिपब्लिकन कॅलवेलाहि नाहीं, असें कोणालाच बहुमत मिळालें नाहीं. या वेळीं कलम खरोखरच लागू होतें. कायदेमंडळाच्या अधिकारावर तक्रार झाली, ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळली, आणि १९६७ च्या जानेवारींत कायदेमंडळानें मॅडॉक्सला गव्हर्नर निवडलें. राज्यचिटणीस बेन फॉर्ट्सनच होता. शिक्का त्या वेळीं उशीखालीं ठेवण्याचें कारण पडलें नाहीं.